नावं ठेवायला ये

जामखेड
११ ऑगस्ट

प्रिय प्रवीण,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे पत्र फोडलंच नसतंस, म्हणून पत्ता मनवाकडून लिहून घेतलाय. मनवा ही माझी सध्याची विद्यार्थिनी. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण पोरगी निष्पाप आहे, तिच्यावर रागावू नकोस. फोडलंच आहेस तर आता वाचूनही टाक.

चार वर्षांपूर्वी तू माझा नंबर ब्लॉक केलास आणि वर्कशॉपची पायरी चढायची नाही असंही कळवलंस. दोन्ही गोष्टी मी पाळतेय. पत्र पाठवायचं नाही असं मात्र तू म्हणाला नव्हतास. मी जामखेडातच आहे, स्टँडच्या मागे दोन खोल्या घेतल्यात. तुझं वर्कशॉप इथून सव्वा किलोमीटर. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, पत्र आधी नगरला जाणार, तिथे शिक्का खाणार आणि मग परत जामखेडला येणार. म्हणजे सव्वा किलोमीटरला तीन दिवस. असू दे, मला कुठे घाई आहे.

काम तेच, तू करायचास ते. डिझाइन शिकलेली दोन मुलं सोबत आहेत, मनवा आणि राजस. शिकताना त्यांनी कॉफीचे कप, हेडफोन, दिवे असलं पुष्कळ काही काढलंय. आता दोन महिने माझ्या हाताखाली अशी एखादी वस्तू करायची, जी कष्टाच्या माणसाला खरोखर लागते. आधी बघा, मग विचारा, मग बनवा, आणि बनवलेलं त्याच माणसाच्या हातात देऊन गप्प बसा. हे मी पंचवीस वर्षं शिकवतेय, तुलाही शिकवलं. विषय निघालाय कांदा निवडणाऱ्या बायकांचा. आठ-आठ तास उकिडवं बसून मोठा कांदा इकडे, बारीक गोल्टी तिकडे, सडका पाटीत. गुडघे आणि कंबर पार कामातून जातात.

गाव निघालं तुमचंच. निव्वळ योगायोग. कारभारींची कांदे साठवायची चाळ आहे ना रस्त्याला, तिथेच काम चाललंय, आणि तिथे कलाबाई असतात. तब्येत छान आहे त्यांची. मला बघून म्हणाल्या, "बाई, तुमी वाळला." तुझ्या आईसारखं खरं बोलणारं माणूस मी पाहिलं नाही.

दिल्लीला जे झालं त्यावर आज लिहीत नाही. पण उगाच गोल गोल फिरण्यात अर्थ नाही, म्हणून मुद्दा सांगते. तू माझ्याशी परत बोलावंस, एवढंच मला हवंय. मुलांना वेल्डिंग दाखवायला ये, रागवायला ये, कशालाही ये.

तुझी,
सुचित्रा मॅडम


२१ ऑगस्ट

प्रिय प्रवीण,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज पोस्टमन दिसला की मी उगाच गॅलरीत कपडे वाळत घालते. राजस म्हणाला, मॅडम, हे फडकं सकाळपासून तीनदा वाळत पडलंय. आगाऊ आहे.

आज मात्र फुशारकी मारायला लिहितेय. आमची बैठक तयार झाली. ठेंगणी, फोमची गादी, खाली चार चाकं. बाईने बसायचं आणि ढिगाच्या कडेकडेने सरकत जायचं, उठबस बंद. राजसने नऊ दिवस त्यावर जीव काढला, पुण्याहून चाकं मागवली. आठ नग करून काल चाळीत नेले.

काय तो थाट, प्रवीण. बायका नटून आल्या होत्या. ठेवणीतल्या साड्या, केसांना तेल, एकीने तर गजरा माळलेला. सगळ्या बैठकीवर बसल्या, पुढे सरकल्या, मागे सरकल्या, हसून हसून पोट दुखलं. राजसने एकेकीला विचारलं, कसं वाटतंय? लई बेस. काही अडतंय का? न्हाई बा. उंची बरोबर आहे का? एकदम बेस. कलाबाईंना मी स्वतः विचारलं. म्हणाल्या, "पोरानं लई मनापासून केलंय." राजस रात्री जेवलाच नाही, आनंदाने पोट भरलं म्हणे.

मी त्याला म्हटलं, माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांत पहिल्याच फटक्याला असं कुणाचं जमलेलं नाही. लिहिताना आठवलं की हे खरं नाही. तुझं जमलं होतं.

सुचित्रा मॅडम


२ सप्टेंबर

प्रिय प्रवीण,

मागचं पत्र फाडून टाक. नसशील वाचलंस तर वाचूच नकोस.

परवा आम्ही न सांगता चाळीत गेलो. सगळ्या बायका खाली, बारदानावर, उकिडव्या. अंगात कामाच्या साड्या, वरून नवऱ्यांचे जुने शर्ट. बैठक एकसुद्धा नाही. आम्हाला बघून त्यांची अशी गडबड उडाली, जशी तपासणीला साहेब आल्यावर शाळेची उडते. मग आम्ही घरोघर फिरलो. दोन बैठकांवर गॅसचा सिलिंडर होता. राजसने माप घेऊन बघितलं, सिलिंडर इतका नेमका बसतो की जणू त्याच्यासाठीच बनवलंय. एकीवर दळणाचा डबा होता आणि घरची सून तो पायाने ढकलत होती. एकीवर एक तान्हं बाळ, त्याला दोरी बांधून आजोबा ओढतायत, बाळ खूश, आजोबा त्याहून खूश. राजस रस्त्यातल्या दगडावर जाऊन बसला. मनवा हसू दाबून दाबून लाल झाली. शेवटी मीच हसले, मग तोही हसला.

कलाबाईंकडे गेले तेव्हा त्या मागच्या अंगणात घरचे कांदे निवडत होत्या. कमरेला पट्टा, पट्ट्याला मागे बसायला पाइपचं एक कडं, कड्यावर खाटेची नवार विणलेली. बाई उठली की ते मागोमाग येतं, बसली की बरोबर खाली टेकतं. मला बघून त्यांनी घाईने सोडायला घेतलं, पण मी आधीच हात लावला होता. पाइपाची कड बोट फिरवलं तरी टोचत नव्हती. कड अशी घासणारा एकच माणूस मला माहीत आहे. वेल्डिंग झाल्यावर सगळे घरी जायचे, तू कानस घेऊन बसलेला असायचास.

मी म्हटलं, "कलाबाई, हे तुमच्याकडे होतं, मग आमची बैठक बेस म्हणून का सांगितलंत?"

त्या म्हणाल्या, "तुमी पाव्हण्या. पाव्हण्यानं आनलेल्या वस्तूला नावं ठिवायची व्हय? लाडू खवट लागला तरी ग्वाड म्हनून खायचा. आन त्या पोराचं त्वांड बगितलं व्हतं का तुमी?"

बघ, पंचवीस वर्षं मी लोकांना विचारा, विचारा म्हणून शिकवतेय. घरी आलेल्या माणसाला कुणी खरं सांगत नाही, हे मला कलाबाईंनी शिकवलं, तेही चहा गाळता गाळता.

"मग खरं कळायचं कसं?" मी विचारलं.

"वस्तू दुसऱ्याची पायजे. सांगा की मिरजगावच्या बायांनी केलीया. मंग बगा गंमत."

आणखी एक. योगायोग वगैरे काही नव्हता. मला चार गावं सुचवली होती, मी हट्टाने तुमचं निवडलं. तुलाही ते कळलंच असेल, पण मी लिहिलेलं बरं.

सुचित्रा


९ सप्टेंबर

प्रिय प्रवीण,

कलाबाईंचं ऐकलं. चाकांची बैठक परत चाळीत नेली आणि मनवाने अगदी भोळ्या चेहऱ्याने सांगितलं की ही मिरजगावच्या बायकांनी केलीय, तुम्ही जरा बघून सांगा.

"मिरजगावची व्हय? तरीच." हे पहिलं वाक्य. पुढे वीस मिनिटं राजसला पेन खाली ठेवता आलं नाही. चाकात पदर जातो. मातीत चाक रुततं. उठायला गेलं की बैठक मागे पळते आणि बाई आडवी. उंच इतकी की हात कांद्याला पुरत नाही, पुढे वाकावं लागतं, म्हणजे कंबर होती तिथेच. फोम घामाने भिजतो. सविता नावाची एक बाई म्हणाली, "मिरजगावच्या बाया काम करत्यात का नुसत्या गाडीवर हिंडत्यात?" एकूण सतरा खोड्या निघाल्या. राजसचे कान लाल, पण पठ्ठ्या लिहीत राहिला. मला त्याचा फार अभिमान वाटला.

शेवटी मला राहवेना, मी खरं सांगून टाकलं. तर सविता म्हणते, "आमास्नी म्हाईत हाय की. चाकावर पुन्याच्या दुकानाची चिठ्ठी हाय." सगळ्या हसल्या. त्यांना बोलायला फक्त एक आडोसा हवा होता.

मग कलाबाईंनी तुझं कडं बांधून दाखवलं. चार वर्षं ते चाळीत का आणलं नाही, तेही कळलं. एकदा आणलं होतं तेव्हा बायका म्हणाल्या होत्या, कलाबाईला शेपूट फुटलं. त्यावर इलाजही सविताने काढला: शर्टाखालून बांधायचं. वरून नवऱ्याचा शर्ट असतोच, शेपूट झाकलं. मुलं आता त्याच्या मागे लागलीत. पट्टा कुठे काचतो, कडं किती रुंद हवं, बायकाच सांगतात, न विचारता सांगतात. राजस आणि मनवा चार दिवस त्यांच्याबरोबर कांदे निवडायला बसलेत. मीही बसले. माझी पाटी कलाबाई रोज परत उलटी करतात, गोल्टीत मोठा आला म्हणून.

आता खरं पत्र.

महिनाअखेर ज्या संस्थेने हे काम दिलंय, तिच्यासमोर नगरला मांडणी आहे. काल मनवा म्हणाली, मॅडम, पहिल्या पडद्यावर कलाबाईंचा मोठा फोटो टाकू या, कांद्यांच्या ढिगात, घामेजलेल्या, काय परिणाम होईल. हे शब्द माझेच होते. चार वर्षांपूर्वी दिल्लीत मी तेच केलं. भला मोठा पडदा, त्यावर तुझी आई, पायाला भेगा, आणि मी माइकवर म्हणतेय की आपण या बाईसाठी काम करतो. तू तिसऱ्या रांगेत होतास. हॉलमधल्या दोनशे लोकांनी हळहळून तुझ्या आईकडे बघितलं, आणि त्यांच्यात बसून तूही बघितलंस. मी टाळ्या मोजत होते. तू उठून गेलास तेव्हा मला वाटलं, पाणी प्यायला गेलास.

मी स्वतःला फार वर्षं सांगितलं की तुझा गैरसमज झाला. झाला नव्हता. मी तुझ्या आईचं दुःख माझ्या भाषणाला तोंडी लावलं. चुकले. मला माफ कर, प्रवीण.

मनवाला मी नाही म्हणून सांगितलंय. आणि ते कडं तुझं आहे. तुझ्या परवानगीशिवाय नगरला दाखवणार नाही.

सुचित्रा


प्रवीणचं उत्तर, अंतर्देशीय पत्रावर

१३ सप्टेंबर

मॅडम, जय भीम.

सगळी पत्रं मिळाली. सगळी वाचली.

कडं दाखवा. पट्ट्याला बक्कल लावू नका, पदर अडकतो आईचा. वेलक्रो पण नको, मातीने जाम होतं. साधी गाठ ठेवा. कड्याचा पाइप मी जाड घेतला होता ती माझी चूक, पाऊण इंची पुरे.

माफीचं. फोटो काढायच्या आधी तुम्ही मला विचारलं होतं. मी हो म्हणालो, कारण तुम्ही मॅडम होता आणि मी नोकरीला होतो. आईला तुम्ही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. तुम्ही चार पानं माझी माफी मागताय. तुम्ही माणूस चुकलात, मॅडम. ज्या माणसाची मागायची ते रोज तुमच्यासमोर बसून कांदे निवडतंय, आणि तुम्ही त्याच्यासमोर बसून मला पत्रं लिहिताय. मीही चार वर्षं तुमच्यावर रागावून बसलो, आईशी एक शब्द बोललो नाही त्यावर. तुमच्यावर रागावणं सोपं होतं.

प्रवीण


१६ सप्टेंबर

प्रिय प्रवीण,

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि तशीच रिक्षात बसले. एवढं शिकवूनही मी पुन्हा चुकीच्या माणसालाच विचारत होते. सपशेल तोंडावर आपटले.

कलाबाई भाकरी थापत होत्या. मी चुलीपाशी बसले आणि सांगितलं, दिल्लीला तुमचा फोटो न विचारता दाखवला, कीव यावी म्हणून दाखवला, माझं चुकलं. त्यांनी तव्यावरच्या भाकरीला पाणी फिरवलं, ती उलटली, फुगू दिली.

मग म्हणाल्या, "फोटुचं मला कायबी न्हाई वाटलं. दिल्लीवाल्यांनी बगितलं, बगू द्या की. त्या दिशी तुमी यनार म्हनून मी हिरवं लुगडं नेसले हुते. नातवाच्या बारशाला घेतलेलं. तुमी म्हनला, कामावरची साडीच बरी दिसंल, ती नेसा. मी आत गेले आन बदलली. पाव्हणीला न्हाई कसं म्हनायचं? त्येवडं लागलं, बाई. लई दिस लागलं."

मला हे आठवतसुद्धा नव्हतं, प्रवीण. तू पत्रात लिहिलं नाहीस, म्हणजे तुलाही माहीत नसावं. तू तेव्हा बाहेर गाडी वळवत होतास. चाळीतल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या तेव्हा आम्ही तिघं खोलीवर येऊन हसलो होतो, की बघा, चाचणीला नटून आल्या. कामाच्या वेषात आल्या असत्या तर खरं दिसलं असतं, असंही मीच म्हणाले होते. माणूस चारचौघांत कसं दिसायचं हे स्वतः ठरवतं, आणि मी त्याला खोटं म्हणत होते. चुलीपुढे बसून मला फार लाज वाटली. रडले मी. त्यांनी मला रडू दिलं आणि भाकरी वाढली. वर म्हणाल्या, "बसायची रीत न्हाई तुमाला, धूर तोंडावर घेता." इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच नावं ठेवली. पाहुणी म्हणून नव्हे, घरच्यासारखं. मी ती भाकरी मिरचीबरोबर खाल्ली आणि आणखी एक मागून घेतली.

मग मी विचारलं, आता मी काय करू? तर लगेच उत्तर तयार. "नगरला मी बोलनार. तुमी नगं. आन फोटू तुमचा लावायचा, कांद्यात बसल्याला."

तुझ्या वाट्याची माफी तू मागून घे. तुझ्यासाठी थांबल्यात असं काही म्हणाल्या नाहीत, पण भाकरी मोजून दोन जास्त थापल्या.

सुचित्रा


२ ऑक्टोबर

प्रिय प्रवीण,

आता तू फोन उचलतोस, तरी हे पत्रच लिहितेय. परवाचं सगळं तूच घडवलंस, तुला ठाऊकही आहे, पण मला ते कागदावर हवंय.

नगरच्या त्या हॉलमध्ये कलाबाई माइकपाशी उभ्या राहिल्या तेव्हा मनवाने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. कलाबाईंनी आधी माइक खाली करायला लावला, मग पाणी मागितलं, मग म्हणाल्या, "या आमच्या सुचित्राबाई." आणि तू पडद्यावर मला आणलंस. दहा फूट उंच मी, निळ्या रेशमी साडीत, कांद्याच्या ढिगापुढे, कमरेला शेपूट बांधून. "ह्यास्नी आमी कांदा निवडाय शिकवला. अजून नीट येत न्हाई. पन शिकत्यात." हॉल खो खो हसला. मग त्यांनी राजसच्या बैठकीच्या सतरा खोड्या एकेक करून सांगितल्या, त्याला उभं करून सांगितल्या, आणि शेवटी म्हणाल्या, हे पोरगं खोड्या ऐकून पळालं न्हाई, म्हनून ही वस्तू झाली. संस्थेच्या लोकांनी तीनशे नगांना होकार दिला, ते तुझ्याच वर्कशॉपमध्ये होणार, आणि पुढच्या वर्षीची मुलं पहिला महिना तुझ्या हाताखाली काढणार, हे सगळं तुला माहीत आहे. पट्टा कुणी शिवायचा यावर सविता आणि राजस यांचं अजून भांडण चालू आहे.

मला लिहायचंय ते त्याच्या आदल्या दिवसाचं. चाळीत सकाळपासून बसून माझे केस पिंजारलेले, कुर्त्यावर टरफलं, घामाने चेहरा कसनुसा. तू मोटरसायकल लावलीस. चार वर्षांनी मी तुला इतक्या जवळून बघितलं, कानाशी दोन केस पांढरे झालेत तुझे. वाटलं होतं, तू काहीतरी बोलशील. तू खिशात हात घातलास. मोबाईल काढलास, मग परत खाली घेतलास.

"मॅडम, फोटो काढू का?"

मी हो म्हणाले. तशीच बसून राहिले. फिट्टंफाट झाली असती, आणि मला ते मान्य होतं.

तू म्हणालास, "बदलून यायचं असलं तर या. मी थांबतो."

मनवाच्या पिशवीत माझी दुसऱ्या दिवशीची साडी होती. सविताच्या घरात जाऊन नेसले. निऱ्या काही केल्या बसेनात, तीनदा सोडून पुन्हा घातल्या, पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. बाहेर ऊन चांगलंच तापलं होतं. तू सावलीलासुद्धा गेला नव्हतास, तिथेच उभा होतास.

तुझी,
सुचित्रा मॅडम